आजोबांना ताक चालतं, मग नातवाला तूप का नाही?

आक्का, नमस्कार.
आम्ही खानापूर तालुक्यातले. घरी दोन म्हशी. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आठ महिन्यांचा असताना दुधातली खीर भरवली तेव्हा अंगभर गांधी उठल्या. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासण्या करून दुधाची ॲलर्जी सांगितली. तेव्हापासून मी जपते. पण गेल्या महिन्यात शेजारच्या बारशात एका काकूंनी त्याच्या तोंडात चिमूटभर पेढा घातला. ओठ सुजले, अंगावर गांधी आल्या, दोनदा उलटी झाली. दवाखान्यात न्यावं लागलं. सासूबाई म्हणतात, "एवढ्या तुपानं काय होतंय गे? बोट बोट लावत गेलं की सवय होईल." सासऱ्यांनाही दूध सोसत नाही, पोट गुरगुरतं, पण ते ताक पितात, भाकरीवर तूप घेतात. "मला कुठं काय झालं?" असं त्यांचं म्हणणं. शेजारणी म्हणतात, शेळीचं दूध देऊन बघ. पुढच्या महिन्यात धाकट्या दिरांचं लग्न आहे, बेळगावच्या कार्यालयात. घरचे म्हणतात, पोराला दोन दिवस माहेरी ठेव. काय करू?
एक सून

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तेच तुला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. पोराला माहेरी ठेवायचं नाही. सख्ख्या काकाचं लग्न आहे. वरातीत नाचायला त्याच्याइतका हक्काचा माणूस कोण? त्याचं जेवण मात्र कार्यालयाच्या पातेल्यातून वाढायचं नाही, ते घरून डब्यात जाईल. ते कसं करायचं ते पुढं सांगते. आधी घरातला घोळ सोडवू, नाहीतर लग्न नीट पार पडेल आणि पुढच्या सणाला पंचामृताच्या चमच्यानं घात होईल.

घोळ असा, की तुमच्या घरात दूध न चालणारी माणसं दोन आहेत आणि दोघांचं दुखणं एकच असं सगळे धरून बसलेत.

सासऱ्यांना त्रास होतो तो दुधातल्या साखरेचा. तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचवणारा लॅक्टेज नावाचा पाचकरस लहान आतड्यात तयार होतो. तान्हेपणी तो भरपूर असतो, पुढं पुष्कळ माणसांत कमी होत जातो. आपल्या भागात हे इतकं सर्रास आहे की त्याला रोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात, मग वारा धरतो, गुरगुरतं, कधी पातळ होतं. त्रास खरा असतो, पण तो पोटापुरता राहतो आणि मापावर चालतो. पेलाभर म्हणजे २५० मिली दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. एवढं सुद्धा जेवणाबरोबर घेतलं तर पुष्कळांना निभतं. विरजणातले जंतू यातली काही साखर आधीच खाऊन टाकतात, म्हणून दही-ताक सोसतं. तुपात तर ती जवळजवळ उरतच नाही. तेव्हा सासरे खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा अनुभव त्यांच्यापुरताच खरा आहे.

तुझ्या पोराच्या बाबतीत साखरेचा काही संबंध नाही. त्याच्या शरीराला दुधातली प्रथिनं चालत नाहीत, म्हणजे केसिन आणि व्हे. रोगजंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा या प्रथिनांनाच शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. म्हणून चिमूटभर पेढ्यानंही भडका होतो, आणि तो पोटात थांबत नाही. कातडी, ओठ, घसा, श्वास, रक्तदाब, कुठंही जाऊ शकतो.

हा फरक घरात एकदा सगळ्यांसमोर, शक्यतो नवऱ्याच्या तोंडून, सांगितला गेला पाहिजे. सुनेनं सांगितलेलं आरोग्यशास्त्र आपल्याकडे तक्रार म्हणून ऐकलं जातं. मुलानं सांगितलं की तेच माहिती होते. मला हे पटत नाही, पण महिनाभरात लग्न आहे, आत्ता घर सुधारत बसायला वेळ नाही.

आता सासूबाईंचं तूप. चांगलं कढवून गाळलेल्या तुपात प्रथिनं फार थोडी उरतात, पण उरतात. घरच्या तुपात जास्तच, कारण आपण ते घाईत ओततो आणि बेरीचे कण खाली येतात. बेरी तर निव्वळ करपलेली प्रथिनंच. साखर घालून ती पोराला चाटवायची सासूबाईंना सवय असेल तर ती आजच बंद. दूध तापवलं, आटवलं म्हणून केसिन मरत नाही. खवा, पेढा आणि बेळगावचा कुंदा म्हणजे आटवून घट्ट केलेलं दूधच, त्याचा एक घास पातळ दुधाच्या चमच्यापेक्षा भारी पडतो. गोकाकच्या करदंटात दूध दिसत नाही, म्हणून लोक बेलाशक देतात. त्यातला डिंक बहुधा तुपात तळलेला असतो.

"सवय होईल" यात मात्र एक कण खरा आहे, आणि तो तू मान्य केलास तर सासूबाई पुढचं ऐकून घेतील. काही मुलांना मोठ्या दवाखान्यात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, अगदी सूक्ष्म मापानं दूध देऊन शरीराची सहनशक्ती वाढवतात. काहींना आधी केक-बिस्किटात खरपूस भाजलेलं दूध चालतं की नाही ते तिथंच बसून बघतात. पण समोर इंजेक्शन भरून ठेवलेलं असतं आणि मूल तासन्‌तास नजरेखाली असतं. आपल्या चुलीपुढं बोटानं तूप लावण्याशी त्याचं काही नातं नाही.

शेळीचं दूध नको. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहांतल्या नऊ मुलांना शेळीच्या दुधानंही तसंच होतं, कारण प्रथिनांची ठेवण जवळपास सारखी असते. म्हशीचंही तेच. "आमच्या घरचं, निर्भेळ, समोर पिळलेलं" हा युक्तिवाद तू पुष्कळदा ऐकला असशील. भेसळीचा प्रश्नच नाही इथं, निर्भेळ दुधातच जास्त प्रथिनं. दुकानात मिळणारं लॅक्टोज-फ्री दूधसुद्धा फक्त सासऱ्यांच्या कामाचं, कारण त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात. ती पिशवी घरात आणलीस तर त्यावर त्यांचं नाव लिही. नाहीतर "हे बिनदुधाचं दूध" म्हणून कुणीतरी पोराला पाजेल.

पेढ्याच्या वेळी ओठ सुजले, गांधी उठल्या आणि उलट्याही झाल्या, असं तू लिहिलंस. शरीराच्या दोन ठिकाणी एकदम परिणाम झाला, हे मला हलकं वाटत नाही. लग्नाआधी डॉक्टरांकडे जा आणि हे असंच, याच क्रमानं सांग. मग थेट विचार, "याच्यासाठी ॲड्रेनॅलिन जवळ ठेवायचं का? ठेवायचं तर किती, आणि कसं टोचायचं?" अशा जोराच्या ॲलर्जीवर पहिलं औषध ॲड्रेनॅलिनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ॲलर्जीचं सिरप गांधी आणि खाज कमी करतं, घसा सुजत असेल तर ते थांबवत नाही. परदेशात पेनासारखी तयार इंजेक्शनं सहज मिळतात. आपल्याकडे ती मिळणं अवघड, म्हणून डॉक्टर काही वेळा बाटली-सिरिंज देऊन शिकवतात. त्यांच्याकडून कागदावर लिहून घे. काय दिसलं की सिरप द्यायचं, काय दिसलं की इंजेक्शन द्यायचं आणि निघायचं. आवाज घोगरा होणं, श्वासाला घरघर, सारखी उलटी, पोर अचानक मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. १०८ लाव. पोराला आडवं निजव, पाय थोडे वर घे, श्वास लागत असेल तर मांडीवर बसतं धर, पण उभं करून चालवू नकोस. बरं वाटलं तरी दवाखान्यातून लगेच घरी यायचं नाही, काही तासांनी परत उलटण्याची भीती असते.

आणखी एक सांगते. सगळे कार्यालयाला घाबरलेत, मी तुमच्या घराला जास्त घाबरते. कार्यालयापासून बेळगावचे मोठे दवाखाने दहा-पंधरा मिनिटांवर असतील. खानापुरातून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, आणि तुमचं गाव त्याच्याही आत असेल तर पावसाळ्यातल्या रात्री किती वेळ लागतो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. घरात दोन म्हशी, म्हणजे रोज धार, रोज साय, रोज घुसळण. दूध तिथं हवेसारखं सगळीकडे असतं. तेव्हा व्यवस्था घरातच पक्की हवी. त्याची ताटली, वाटी, चमचा आणि तवा वेगळा. भाकरी आधी त्याची भाजायची, तूप लावायच्या आजोबांच्या भाकऱ्या नंतर. तुपाची पळी आमटीत बुडवायची नाही. धार काढून किंवा लोणी काढून आलेला हात साबणानं धुवायचा, नुसत्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं प्रथिनं जात नाहीत. भांडी पुसायचं फडकं त्याच्या भांड्यांना वेगळं. हे महिनाभर केलं की हाताला वळण लागतं.

आता लग्न.

आचाऱ्याला सुपारी द्यायला जातील तेव्हा नवऱ्यानं बरोबर असावं. आचाऱ्याकडून वेगळा स्वयंपाक करून घ्यायचा नाही. हजार पानांच्या गडबडीत ते जमत नाही, आणि "करतो की हो" म्हणाला तर त्यावर विश्वासही ठेवायचा नाही. त्याला फक्त एवढंच विचारायचं, कशाकशात दूध-तूप आहे. उत्तर ऐकून तुलाच धक्का बसेल. मसालेभातावर तूप, वरणात फोडणी तुपाची, पोळीच्या कणकेत दूध, कोशिंबिरीत दही, जिलेबीच्या पिठात दही, भज्यांच्या कढईतच आधी तळलेलं पनीर. साधा भात तरी? वाढपी एका हातात भाताचं ताट आणि दुसऱ्या हातात तुपाची वाटी घेऊन पंगतीतून धावत असतो, थेंब कुठं पडेल ते देवाला ठाऊक. म्हणून डबाच बरा.

डब्यात काय? तुझं नशीब चांगलं आहे, आपल्या भागातलं सणाचं जेवण निम्मं आपोआप बिनदुधाचं आहे. गव्हाची हुग्गी घे. कांडून साल काढलेले गहू, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुंठ, यात दूध लागतच नाही, वरून तूप घालतात तेवढं घालायचं नाही. शेंगाची पोळी तेलावर भाजलीस तर दोन दिवस टिकते आणि लग्नाच्या धावपळीत पोर हातात धरून खाईल. पुरणपोळीबरोबर गूळ घातलेलं नारळाचं दूध दे, ते खाताना त्याला काही कमी पडतंय असं वाटणार नाही. एण्णेगाय म्हणजे भरली वांगी, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, कटाची आमटी, सगळं चालतं. देवकार्याला बकरं कापणार असाल तर मटणाला दही चोळू नका, खोबरं-कांद्याचं वाटण पुरे. पांढरा रस्सा असेल तर दूध घातलंय का विचार, काही घरांत घालतात. हळदीच्या दिवशी स्वयंपाक घरीच होतो ना? मग त्या दिवशी सगळ्यांसाठीच हुग्गी करायची, पातेलं बिनतुपाचं ठेवायचं, तूप ज्याचं त्यानं पानात घ्यायचं. पोराला सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखं जेवता येईल. वेगळं पाडल्याचं मुलांना लवकर कळतं, साडेतीन वर्षांच्या वयातही.

खरा धोका पंगतीत नाही, मायेच्या माणसांत आहे. कार्यालयात शंभर काकू-मावश्या असतील आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये चॉकलेट. त्या वाईट नसतात, पण पोराच्या तोंडात काही घातल्याशिवाय त्यांचं प्रेम पुरं होत नाही. त्याच्या शर्टावर मोठा बिल्ला लाव, "मला खाऊ देऊ नका, दुधानं दवाखान्यात जावं लागतं." मराठीत एक आणि कानडीत एक. लाजायचं कारण नाही. आणि एका वेळी एकाच माणसावर त्याची जबाबदारी टाक, दर दोन तासांनी माणूस बदल. तू करवली-पाहुणे यांच्यात असशील, "सगळ्यांचं लक्ष आहे" म्हणजे कुणाचंच नाही. वाढपी पोरं बहुतेक कानडी बोलणारी असतील. त्यांना सरळ सांग, "ई कूसिगे हालु, मोसरु, मज्जिगे, बेण्णे, तुप्प एनू कोडब्याडरी." म्हणजे, या पोराला दूध, दही, ताक, लोणी, तूप काहीच देऊ नका. एवढं सासऱ्यांना पाठ करायला लाव. त्यांचा आवाज मोठा असेल, आणि काम दिलं की विरोध निम्मा होतो.

बाहेरचं पाकीट घेताना हिरवा ठिपका बघून फसू नकोस. तो फक्त शाकाहारी असल्याचा, आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार ॲलर्जी देणाऱ्या पदार्थांची नावं पाकिटावर वेगळी द्यावी लागतात, त्यांत दूध आहे. घटकांच्या यादीखाली "कंटेन्स मिल्क" असं असतं का बघ. यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट असे शब्दही शोध. ग्लुकोज बिस्किटं, पाव, खारी, टोस्ट यांत दूध पावडर पुष्कळदा असते. बेकरीतल्या सुट्या मालावर तर काहीच लिहिलेलं नसतं, तो घ्यायचाच नाही.

दूध नाही म्हणजे पोराची हाडं कच्ची राहतील, ही सासूबाईंची काळजी मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून तुमच्या घरातली नाचणीची भाकरी आणि आंबील हीच त्याची पहिली आधाराची गोष्ट. आंबिलीत ताक घालतात तेवढं सोडून लिंबू पिळ. तीळ कॅल्शियमनं भरलेले असतात, भाजून कुटून चटणीत, लाडवात, भाकरीच्या पिठात घाल. शेवग्याचा पाला आमटीत घाल. मासे खात असाल तर गोव्याकडून येणारी बारीक मासळी काट्यासकट खाता येते. प्रथिनांसाठी अंडं आणि डाळी. नारळाचं दूध चवीला उत्तम, पण त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं फारशी नसतात, ते दुधाच्या जागी पेल्यानं पाजू नकोस. एवढं करूनही पुरतं की नाही, ड जीवनसत्त्व द्यायचं का, हे डॉक्टरांना विचार. वजन-उंचीची नोंद दर तीन महिन्यांनी ठेव. सासूबाईंना ती वही दाखव, माझ्या हजार शब्दांपेक्षा त्यांना ते आकडे पटतील.

माझं वय आता सासूच्या बाजूचं आहे, म्हणून त्यांच्या वतीनंही थोडं सांगते. म्हशी पाळणाऱ्या बाईनं आयुष्यभर घराला जे दिलं ते दूध-तूपच. तिला "तुझ्या हातचं तूप विष आहे" असं ऐकू आलं तर ती भांडणारच. नातवासाठी वेगळा तवा, वेगळं पीठ, तिळाचे लाडू हे सगळं त्यांच्या ताब्यात दे. नाचणी त्यांनी दळून आणावी, लाडू त्यांनी वळावेत. मग तूप का नाही यावर वाद घालायला त्यांच्याकडे वेळही कमी उरेल.

सासऱ्यांचं काय? ताक चालू दे. दुधाचा पेला रिकाम्या पोटी नको, जेवणाबरोबर अर्धा घेऊन बघावा. नुकतंच हे सुरू झालं असेल, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र ते दुधाच्या नावावर खपवू नका, तपासून घ्या.

पोरं मोठी होताना यातून बाहेर येतात, हेही तुला सांगायला हवं. बहुतेकांची दुधाची ॲलर्जी शाळेच्या वयात किंवा थोडी पुढं मावळते, काहींची राहते. दर वर्षभरानं डॉक्टर तपासून सांगतील. तोवर घरात चाखवून बघायचं नाही, गमतीत सुद्धा नाही. रक्ताच्या नमुन्यावरून दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांच्या) तपासण्यांच्या जाहिराती येतात, त्यांवर पैसे घालवू नकोस. त्यांनी ॲलर्जी कळत नाही.

शेवटचं, तू विचारलं नाहीस पण राहून जाईल म्हणून. पोरगा अंगणवाडीत जातो का? २०१३ पासून कर्नाटकात क्षीरभाग्य योजनेत अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांना दूध देतात, पावडर पाण्यात कालवून. तिथल्या बाईंना तोंडी सांगून भागणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, त्याचा फोटो, तुमचे दोन फोन नंबर आणि वर सांगितलेला तो कागद, याची कानडी प्रत भिंतीवर चिकटवायला दे. मदतनीस बाईंनाही भेट, पेले भरणारा हात बहुधा त्यांचाच असतो. दूध वाटतात त्या दिवशी त्याच्या हातात घरून तिळाचा लाडू दे, आणि पेला वाटला जातो तेव्हा त्याला कुठं बसवतात ते एकदा स्वतः उभं राहून बघून ये.

आक्का